टपावरची जोडसायकल

धाकटीचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि ती तळघरातल्या एका खोलीत बसून त्यावरून दात घडवायची. आधी प्लास्टरचा साचा, मग हिरडीसारखा मेणाचा पट्टा, मग त्यात एकेक दात. ज्याचं तोंड तिनं कधी पाहिलेलंही नसे, त्याला कुठला दात किंचित तिरका शोभेल हे तिला नेमकं कळे. "सगळे ओळीत सरळ लावले ना, की कवळी स्वतःच ओरडून सांगते, मी कवळी आहे म्हणून," असं ती म्हणायची. वय बावन्न, उंची जेमतेम पाच फूट, बोटांना कायम प्लास्टरची भुकटी. डॉक्टर मंडळी तिला 'मॅडम' म्हणत. बाकी इमारतीत, दुकानात, बँकेत ती सगळ्यांची 'धाकटी'च होती, कारण तिच्यासोबत बहुतेक वेळा ताई असे.

ताई नऊ वर्षांनी मोठी. उंच, रुंद खांद्यांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. चाळिशीतच तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार लागला. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि उरलेली खिडकीएवढी नजर दरवर्षी बारीक होत होत एके दिवशी मिटली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळे. नोकरीच्या शेवटच्या वर्षी ती फळ्यावरच्या आकृत्या निव्वळ हाताच्या सवयीनं काढायची आणि वर्गातल्या एकाही पोराला त्याचा पत्ता लागला नाही, याचा तिला अजून अभिमान होता. धाकटीचा नवरा गेला, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा धाकटी आपल्या दोन बॅगा घेऊन ताईकडे राहायला आली. कोण कुणाची काळजी घ्यायला आलं, हे दोघींनी कधी बोलून ठरवलं नाही.

सायकल आणली ती ताईनं. फोनवरून, परस्पर.

धाकटी कामावरून आली तर पार्किंगमध्ये, त्यांच्या छोट्या गाडीच्या शेजारी, एक लांबलचक निळी सायकल उभी. दोन सीट, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. आणि शेजारी, नवा घोडा घेतल्यासारखी तिच्या सीटवर हात ठेवून, ताई.

"ही कुणाची?"

"आपली. पलीकडच्या इमारतीतलं जोडपं घर सोडून चाललंय, त्यांना नको होती. जोडसायकल आहे. तू पुढे, मी मागे."

"ताई, मला सायकल चालवून तीस वर्षं झाली!"

"मला वीस. सरासरी पंचवीस. फार नाही."

पहिले काही दिवस गंमतच झाली. सकाळी सहाला, गल्ली रिकामी असताना, दोघी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि उतरून, सायकल हातानं वळवून, परत यायच्या. जोडसायकल वळायला बसइतकी जागा मागते हे त्यांना तेव्हा कळलं. ताई मागून जोर लावायची आणि धाकटीला पुढे कुणीतरी ढकलत असल्यासारखं वाटायचं. "सावकाश, ताई!" "मी कुठे काय करतेय? मी तर मागे बसलेय!" तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज गॅलरीत येऊन चहा घेता घेता ही फेरी बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावर एक दुधाची व्हॅन मागे न बघता रिव्हर्स आली. धाकटीनं ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली. धाकटीला खरचटलंसुद्धा नाही. ताईची हनुवटी फुटपाथच्या कडेवर आपटली आणि पाच टाके पडले. टाके घालताना ताई डॉक्टरांना विचारत होती की दोन टाक्यांतलं अंतर सारखं आहे ना. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून होती. तिनं पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

त्यानंतर सायकल पार्किंगमध्ये चादरीखाली गेली. ताईनं दीड महिना विषय काढला नाही. मग एका रविवारी जेवताना म्हणाली, "शहराबाहेर मोठा कालवा आहे ना, त्याच्या काठानं सपाट रस्ता आहे म्हणे. गाड्यांना बंदी. अकरा किलोमीटर सरळ. चाळीस मिनिटांवर आहे."

"तिथपर्यंत सायकल न्यायची कशी?"

"गाडीवर. लोक नेतात की. तू जरा चौकशी कर."

धाकटीनं चौकशी केली नाही. दोन दिवसांनी तिनं एवढंच सांगितलं, "आपल्या गाडीला नाही जमणार. टपावर पंधरा किलोपेक्षा जास्त ठेवायचंच नाही, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. आणि सायकल वीसच्या वर आहे."

"हो का?" ताई म्हणाली आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामाला गेल्यावर ताई काठी घेऊन खाली उतरली. चाचपडत गाडी उघडली, पुढच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि घरी येऊन टेबलाशी बसली. तिच्या फोनमध्ये छापलेलं वाचून दाखवायची सोय होती. पानाचा फोटो घ्यायचा, फोन वाचतो. पुस्तकाचं कुठलं पान कशाचं हे तिला कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. सीट बेल्ट, वायपर, टायरमधली हवा, बॅटरी बदलण्याची रीत, सगळं ऐकलं. संध्याकाळी धाकटी जिना चढत होती तेव्हा दाराबाहेर तिला फोनचा तो लाकडी आवाज ऐकू आला. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. छतावरील कमाल भार, पन्नास किलो. छतावरील कमाल भार, पन्नास किलो.

ती आत आली. ताईनं फोन थांबवला.

"पान एकशे बारा," ताई म्हणाली. "पंधरा कुठून आणलेस?"

धाकटीनं चपला काढल्या, पाणी प्यायली.

"माझ्याकडून आकडा चुकला असेल."

"तुझा? मेणात केसाएवढा फरक पडला तर तू कवळी परत करतेस. तुझा आकडा चुकत नाही."

मग धाकटी खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "तुझी हनुवटी दिसते गं मला. रोज, चहा पिताना, बोलताना. तुला नाही दिसत, मला दिसते. तुला मागे बसवायचं आणि पुढे काय येतंय ते एकटीनं बघायचं. माझ्याकडून नाही व्हायचं ते."

ताईनं फोन बाजूला सरकवला. रागावली होती, हे तिच्या टेबलावर वाजणाऱ्या बोटांवरून दिसत होतं.

"भीती वाटते, तर भीती वाटते म्हण," ती शेवटी म्हणाली. "मी समजून घेईन. गणितात खोटं कशाला घालतेस? मला जग कळतं ते तू सांगतेस त्यावरून. तू रस्त्यावर तीन पायऱ्या आहेत म्हणालीस की मी तीनच उतरते. उद्यापासून मी काय, दरवेळी मोजून बघू?"

हे धाकटीला हनुवटीच्या टाक्यांपेक्षा जास्त लागलं. तिनं माफी मागितली. ताईनं ती लगेच स्वीकारली नाही, जेवण झालं, भांडी झाली, तेव्हा कुठे पुसता पुसता म्हणाली, "तुला नकोच असेल तर सायकल देऊन टाकू. खरंच. मी धुसफुसणार नाही. थोडीशी धुसफुसेन."

धाकटीनं ताट फडताळात ठेवलं. "नको असं नाही. सकाळी ती गल्ली... बरं वाटायचं मला. भीती वाटते आणि जायचंय पण. दोन्ही आहे."

"मग दोन्ही घेऊन जाऊ," ताई म्हणाली. "डोक्याला हेल्मेट, आणि तू 'थांब' म्हटलंस की मी पाय थांबवणार. वाद नाही."

"तू? वाद नाही?"

"रस्त्यावर नाही. घरी आल्यावर घालीन."

शनिवारी दोघी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार उत्साही माणूस होता. त्यानं डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा सांगाडा काढून दाखवला. हा सर्वांत सोपा, म्हणाला, तीन पट्टे अडकवले की काम झालं, नको तेव्हा घडी करून ठेवा.

"सायकल आडवी राहणार ना त्यावर?" ताईनं विचारलं. "गाडीची रुंदी दीड मीटर. आमची सायकल दोन मीटर चाळीस. म्हणजे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस सेंटिमीटर बाहेर."

"पुढचं चाक काढा की, बाई."

"मग तीस. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याचं गुडघ्याचं हाड मोडेल."

"लाल फडकं बांधा टोकाला."

"आंधळ्या माणसाला काय करायचंय लाल फडकं?" ताई म्हणाली, आणि दुकानदार इतका ओशाळला की त्यानं तिला खुर्ची आणून दिली.

दुसरा प्रकार गाडीच्या मागे लोखंडी आकडा बसवून त्यावर उभा करायचा. पण तो आकडा एवढ्या छोट्या गाडीला बसवू नका असं गाडीच्या पुस्तकातच होतं. ताईनं पान सांगितलं. आणि सायकल त्यावरही आडवीच राहणार होती. मागची सीट पाडून आत घालावी, तर चाकं काढूनही, ताईच्या हिशोबानं, सायकलीचा सांगाडा पुढच्या काचेला टेकत होता, आणि मग ताईनं बसायचं कुठे हा प्रश्न होता. राहिलं टप. टपावर दोन आडव्या दांड्या, त्यावर सायकल बसवायची पट्टी, गाडीच्या लांबीत. लांबीचा प्रश्न नाही, वजनाचा नाही. दुकानदारानं आपली साधी सायकल एका झटक्यात डोक्यावर उचलून टपावर ठेवून दाखवली.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तो सहा फुटी होता. तिला टप पुसायचं म्हटलं तरी गाडीचं दार उघडून त्याच्या उंबऱ्यावर चढावं लागे. एकवीस किलोची, अडीच मीटरची लांबण ती डोक्यावर कशी उचलणार? घरी येताना ती म्हणाली, "बघ, आता मी खोटं बोलत नाहीये. मला उचलवणार नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "खरं बोललीस की तुझा आवाज खाली येतो."

सोमवारी दुपारी काम थोडं कमी होतं. धाकटीनं प्लास्टरचा उरलेला गोळा घेतला आणि कोरायला बसली. एकास वीस या मापानं गाडी केली, तळहाताहून जरा मोठी. तारेला मेण लावून जोडसायकल केली, दोन्ही सीटसकट, पुढचं चाक निघेल अशी. दातांच्या कामातल्या दोन बारीक तारा टपावर आडव्या बसवल्या. हे सगळं तिनं कवळ्या पाठवायच्या एका रिकाम्या खोक्यात घालून घरी आणलं आणि ताईच्या हातात दिलं.

ताईची बोटं त्यावर फिरू लागली. आधी गाडीवर, मग सायकलीवर, मग पुन्हा गाडीवर. "आरसेसुद्धा केलेस?" ती म्हणाली. मग तिनं सायकल गाडीमागे आडवी धरून पाहिली आणि "श्शी, मिशी" म्हणून काढून टाकली. टपावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. जेवण थंड झालं. धाकटीनं दोनदा हाक मारली.

"हे बघ," ताई म्हणाली. "सबंध उचलायची कशाला? पुढचं टोक आधी. चाक काढल्यावर उरतो तो चिमटा या पुढच्या दांडीवर अडकवायचा, मागचं चाक जमिनीवरच. अर्धं वजन जमिनीनं घेतलं. मग मागचं टोक उचलायचं आणि असं, दारासारखं, फिरवून टपावर आणायचं. पुढचा चिमटा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरला पाहिजे, बस्स."

धाकटीनं वाकून बघितलं. तिला ते पटलं, पण तरीही. "मागचं टोक माझ्या डोक्याच्या वर जाणार, ताई. फिरवताना माझे हात पोचायचे नाहीत."

"तुझे कशाला? मी आहे ना पाच फूट आठ इंच." ताईनं मान वर केली. "शनिवारपासून तू एकटीनं उचलायचा हिशोब मांडतेयस. मी काय सामान आहे, गाडीतून न्यायचं?"

धाकटीच्या डोक्यात हे खरंच कधी आलं नव्हतं. ताईचा हात धरायचा, ताईला जिन्याची पायरी सांगायची, ताईसाठी दार धरायचं; ताईला काही उचलायला सांगायचं, हे कधीच नाही. आणि समोर ते रुंद खांदे होते, वर्षानुवर्षं तिथेच.

आडव्या दांड्या आणि पट्टी दुकानातून आणली. चिमटा धरून फिरेल अशी बैठक मात्र कुठेच मिळेना. दुकानामागे एक वेल्डर होता, कमी बोलणारा. त्याला धाकटीनं प्लास्टरची गाडी दाखवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"मग माझ्याकडे कशाला आलात?" तो म्हणाला, पण बैठक त्यानं झकास करून दिली. जाड पत्रा, मधे बेअरिंग, वर चिमटा पकडायचा आडवा खिळा, आणि सायकल सरळ झाली की जागेवर अडकणारा खटका. ताईनं तो खटका दहा वेळा वाजवून पाहिला तेव्हा वेल्डर पहिल्यांदा हसला.

सराव पार्किंगमध्ये. धाकटी दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून चिमटा बैठकीत बसवायची, मग ओरडायची, "उचल!" ताई मागचं टोक खांद्याच्या वर न्यायची आणि गाडीच्या कडेनं पावलं मोजत चालायची. "डावीकडे. अजून. अजून जरा. बस्स, खाली!" पहिल्या वेळी पायडलनं टपावर लांबलचक ओरखडा काढला. दुसऱ्या वेळी ताईनं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरला धडक दिली. पाचव्या वेळी चाक पट्टीत अलगद बसलं आणि गॅलरीतून टाळ्या आल्या. काका मदतीला खाली येऊ का म्हणाले. "नको," दोघी एकदम म्हणाल्या.

पुढच्या रविवारी निघाल्या. सकाळची वेळ, रस्ते मोकळे. धाकटी पन्नासच्या वर गेली नाही. दर दहा मिनिटांनी ती थांबून पट्टे तपासायची, आणि ताई खिडकीतून हात बाहेर काढून वरची दांडी चाचपायची. कालव्याच्या फाटकापाशी गाडी लावली. सायकल उतरवणं चढवण्यापेक्षा सोपं गेलं. धाकटीनं ती गाडीला टेकवली, हात झटकले आणि म्हणाली, "चाक दे."

"कुठलं?"

"पुढचं. तुझ्याकडे होतं ना."

"माझ्याकडे? मी तुला दिलं. तू म्हणालीस, भिंतीला टेकव, मी ठेवते डिकीत."

चाक पार्किंगच्या भिंतीला टेकून होतं, चाळीस मिनिटं मागे.

धाकटीला वाटलं आता ताई चिडणार, आणि चिडायचा तिला हक्क होता. ताईचे ओठ आवळलेही. मग ती हसायला लागली, वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून. "एवढं प्लास्टर," ती म्हणत होती, "एवढं बेअरिंग, पान एकशे बारा..." धाकटीही हसली. फाटकाचा पहारेकरी दोघींकडे आणि एकचाकी सायकलीकडे आळीपाळीनं बघत राहिला.

सायकल पुन्हा टपावर चढवली आणि दोघी कालव्याकाठानं तास दीड तास चालल्या. ताईनं धाकटीच्या कोपराला धरलं होतं. पाणी संथ होतं, तरी त्याचा आवाज ऐकू येतो असं ताईचं म्हणणं होतं. थर्मासमधला चहा दोघींनी एका दगडावर बसून संपवला.

त्यानंतरच्या रविवारी मात्र चाक डिकीत होतं, आणि ते आहे असं दोघींनी वेगवेगळं जाऊन पाहिलं. फाटकातून आत शिरताना धाकटीचे खांदे दगडासारखे ताठ होते. पहिला किलोमीटर तिनं एक शब्द काढला नाही, फक्त "खड्डा", "वळण", "थांब" एवढंच. एकदा उगाचच "थांब" म्हणाली, आणि ताईनं पाय थांबवले, कशाला म्हणून विचारलंही नाही. पुन्हा निघाल्या. रस्ता खरोखरच सरळ होता. वारा मागून येत होता आणि चाकांचा आवाज एकसारखा झाला होता. तिसऱ्या किलोमीटरपाशी धाकटीच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ बोलतोय. बगळ्यांबद्दल, पलीकडच्या काठावर धुणं वाळत घातलंय त्याबद्दल, तिथेच एका माणसानं कुत्र्याला गाडीच्या टपावर बसवलंय त्याबद्दल.

"टपावर? बांधलंय का?"

"नाही. बसलंय मजेत."

"वजन किती असेल?" ताईनं विचारलं.

पुढे रस्ता जरा उताराला लागला. मागच्या सीटवरचं हँडल नुसतं धरण्यापुरतं असतं, ते वळत नाही. ताईनं ते एकदा हलवून पाहिलं.

"धाकटे, हात सोडू का?"

"अजिबात नाही!"

धाकटीला मान वळवून मागे बघता येत नव्हतं, रस्त्यावरून नजर काढायची तिची तयारी नव्हती. पण जमिनीवर त्यांची लांब सावली शेजारून पळत होती, आणि त्या सावलीतल्या मागच्या बाईचे दोन्ही हात चांगले खांद्याएवढे वर होते.